शेंडेफळाची चाहूल



‘शेंडेफळ’ हा आपल्या भाषेतील मोठा लडिवाळ शब्द आहे. झाडाच्या शेंड्याला सर्वांत शेवटी धरलेले फळ ते शेंडेफळ. घरातील धाकट्या अपत्याला या नावाने हाक मारली जाते तेव्हा त्या हाकेत कौतुक असते, थोडी चेष्टा असते आणि पुष्कळशी माया असते. परंतु हे शेंडेफळ घरात यायचे असते त्या वेळी, म्हणजे त्याची पहिली चाहूल लागते तेव्हा, त्या घरात कौतुकाचा मागमूसही नसतो. असतो तो संकोच. आजचा विषय हा संकोच आणि त्यापायी वाया जाणारे आठवडे, हा आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. आई बेचाळीस वर्षांची, एका माध्यमिक शाळेत शिक्षिका. वडील पंचेचाळीस वर्षांचे, बँकेत नोकरीला. थोरली मुलगी बारावीला, मुलगा नववीत. सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी त्रस्त. पण पहाटे उठून देवपूजा करणाऱ्या. या घरातील आईला दोन महिने पाळी आलेली नाही. ती स्वतःची समजूत घालते की आता पाळी जायची वेळ झाली. तिच्या आईचीही पंचेचाळिशीत गेली होती. शिक्षिकांच्या खोलीत बरोबरीच्या मैत्रिणीही तेच सांगतात. थकवा येतो, तर लेकीच्या बारावीची जागरणे आहेतच. मळमळते, तर पित्त आहेच. डॉक्टरांकडे जायला सवड नाही, आणि सवड काढावी असे काही घडले आहे असे तिला वाटतही नाही. एके दिवशी कंबरेचा परकर घट्ट होतो आणि तिच्या मनात लख्ख प्रकाश पडतो. तोवर चौथा महिना लागलेला असतो.

हे घर कोणा एकाचे नाही. थोड्याफार फरकाने अशी घरे नाशिकला आहेत, सोलापूरला आहेत आणि डोंबिवलीलाही आहेत. या घरात पुढे काय घडते हे पाहण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे आवश्यक आहे.

आपल्या पणज्यांच्या काळी चाळिशीतले बाळंतपण ही आश्चर्याची गोष्ट नव्हती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले, तेही पुष्कळांना त्या वेळी फार वाटले होते. ते अठरा व्हायला १९७८ साल उजाडले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झालेला पाळणा चाळिशीपर्यंत हलत राही. सासू आणि सून एकाच वर्षी बाळंत होत. मामा भाच्याहून लहान असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. नेताजी सुभाषचंद्र बोस चौदा भावंडांपैकी नववे. अधिक मागे जायचे तर श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात देवहूतीची कथा आहे. कर्दम ऋषींपासून तिला आधी नऊ कन्या झाल्या आणि नंतर कपिल मुनी. कपिलांच्या जन्मानंतर लगेचच त्या नऊ मुलींचे विवाह झाल्याचा उल्लेख येतो. म्हणजे उपवर मुली घरात असताना झालेले हे शेंडेफळ. पुढे याच मुलाने आईला सांख्यज्ञान सांगितले.

मात्र त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. भीमराव अगदी लहान असतानाच भीमाबाई गेल्या. चौदा जन्मलेल्यांपैकी बहुतेक बालपणीच दगावले. सततच्या बाळंतपणांनी झिजलेल्या स्त्रिया ज्या घरात गेल्या नाहीत असे घर त्या काळी शोधून काढावे लागले असते. आपल्या देशात अगदी १९९७-९८ मध्येही दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता मृत्युमुखी पडत होत्या. २०१८-२० च्या नोंदणीनुसार हा आकडा ९७ वर आला आणि महाराष्ट्रात ३३ वर. हे यश डॉक्टरांचे, परिचारिकांचे, आशा कार्यकर्त्यांचे आणि रुग्णालयात बाळंत होण्याच्या सवयीचे आहे. जुन्या काळचा उशिराच्या मातृत्वाविषयीचा सहजपणा आपण गमावला आणि त्या बदल्यात सुरक्षितता मिळवली. प्रश्न एवढाच आहे की, ती मिळालेली सुरक्षितता संकोचामुळे वापरलीच गेली नाही तर?

सहजपणा गेला याचे कारणही समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ साली देशातील एका स्त्रीमागे सरासरी ३.४ अपत्ये होती. २०१९-२१ मध्ये ती २ वर आली आणि महाराष्ट्रात १.७ वर. तिशीच्या आतबाहेर दुसरे मूल झाले की पाळणा थांबतो, हा आता मध्यमवर्गाचा अलिखित नियम झाला आहे. नियम झाला की त्याच्या बाहेर पडणारी व्यक्ती लोकांच्या नजरेत येते. ‘या वयात?’ हे दोनच शब्द. ते शेजारी म्हणतात, नणंद म्हणते, शाळेतील सहकारी म्हणत नाहीत पण त्यांच्या भुवया म्हणतात. गंमत अशी की, पस्तिशीत लग्न करून चाळिशीत पहिले मूल होणाऱ्या स्त्रीचे आता कौतुक होते. त्याच वयात तिसरे होणाऱ्या स्त्रीला मात्र मान खाली घालावी लागते. दोघींचे वय एक, शरीर एक; फरक फक्त घरातील मोठ्या मुलांचा.

ही मोठी मुले आता अजाण राहिलेली नाहीत. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे. मूल कसे होते हे त्यांना ठाऊक आहे, आणि आई-वडिलांना हेही ठाऊक आहे की त्यांना ते ठाऊक आहे. पती-पत्नी हे पती-पत्नी आहेत ही गोष्ट जी एरवी घराच्या भिंतीआड असते, ती वाढत्या पोटाबरोबर सर्वांसमोर येते. विवाहितांच्या सहजीवनात लाज वाटण्याजोगे काही नाही हे बुद्धीला पटते. मनाला पटायला वेळ लागतो. त्या वेळात आठवडे निघून जातात.

आणि हे आठवडे फार मोलाचे असतात. याविषयी काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे.

पाळी सलग बारा महिने आली नाही तरच ती गेली असे मानतात. त्याआधीचा काळ अनियमिततेचा असतो, आणि त्या काळात गर्भ राहण्याची शक्यता घटते, पण संपत नाही. ‘आता काय होणार आहे’ म्हणून अनेक जोडपी गर्भनिरोधनाचे साधन सोडून देतात ती नेमकी याच वेळी. म्हणून चाळिशीतल्या स्त्रीची पाळी चुकली तर पहिला विचार रजोनिवृत्तीचा करू नये. औषधांच्या दुकानात मिळणारी लघवीच्या चाचणीची पट्टी आणावी. ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे त्यांनीही. दोनशेत साधारण एखादीला त्यानंतरही गर्भ राहतो, आणि अशा वेळी तो गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजलेला असण्याचा धोका अधिक असतो. पाळी चुकलेली असणे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखणे या दोन गोष्टी एकत्र आल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याचेही कारण नाही. नलिका फुटली तर जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट अनुभवी मातांची. ‘दोन बाळंतपणे झाली आहेत, मला सगळे माहीत आहे’ हे वाक्य डॉक्टर नेहमी ऐकतात. अनुभव खरा असतो, पण तो पंधरा वर्षांपूर्वीच्या शरीराचा असतो. दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडले की गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराबाबत ही अनुभवी माता जवळजवळ पहिलटकरणीइतकीच धोक्यात असते. त्यात वयाची भर पडते. मधुमेहाचेही तसेच. आपल्या देशात गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, आणि साखर १४० किंवा त्याहून अधिक निघाली तर तो गर्भावस्थेतील मधुमेह धरून उपचार सुरू करतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करायची असते. या स्त्रीसाठी सासूबाईंनी प्रेमाने वळलेले डिंकाचे लाडू हे पौष्टिक न ठरता त्रासदायक ठरू शकतात. सासूबाईंना हे नीट समजावून सांगावे लागते. अन्यथा ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारा संवाद फार लांबतो.

गर्भातील बाळाविषयीची भीती सर्वांत मोठी, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते. डाऊन सिंड्रोम असलेले बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण साडेबाराशेत एक असते. पस्तिशीत ती साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक आणि पंचेचाळिशीत तिसात एक होते. हे आकडे घाबरवणारे वाटतात. पण चाळिशीतल्या शंभर मातांपैकी नव्व्याण्णव जणींच्या बाळाला हा विकार नसतो, हेही त्याच आकड्याने सांगितलेले आहे. गर्भपात आपोआप होण्याचे प्रमाणही वाढते; चाळिशीनंतर तीनपैकी साधारण एक गर्भ टिकत नाही. असे घडले तर ‘बरे झाले, सुटलीस’ असे म्हणणारे नातेवाईक भेटतात. त्या स्त्रीने ते मूल नको असताना स्वीकारलेले असो वा हवे म्हणून, तिचे दुःख दुःखच असते.

आता आठवड्यांचा हिशेब. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या तीन महिन्यांत. बाळाच्या मानेमागील भागाची सोनोग्राफी अकराव्या आठवड्यापासून चौदावा पूर्ण होण्याआधी करायची. त्यानंतर तिला अर्थ राहत नाही. रक्तदाबाचा धोका असलेल्या मातेला डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, तीही सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू झाली तर अधिक उपयोगी. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत. परकर घट्ट झाल्यावर जागी झालेली आपली शिक्षिका यांपैकी पहिल्या दोन-तीन संधी गमावून बसलेली आहे. वयाने जे नुकसान केले नसते ते विलंबाने केले. खासगी दवाखान्यात जाणे परवडत नसेल किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच असेल, तर २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची विनामूल्य तपासणी सुरू झाली. जोखमीच्या माता वेळीच हेरणे हा तिचा मुख्य हेतू आहे आणि चाळिशीची माता त्या यादीत आपोआप येते.

हे मूल ठेवायचे की नाही, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात एका रात्री तरी उभा राहतोच. सभेत त्याचा उच्चार करणे अवघड. पण न उच्चारल्याने तो नाहीसा होत नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने आणि ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताची मुभा दिली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची सही कायद्याने आवश्यक नाही. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधनही कायद्यातच आहे. काही घरांत श्रद्धेपोटी हा पर्याय विचारातच घेतला जात नाही, काही घरांत प्रकृतीपायी घ्यावा लागतो. एवढे मात्र निश्चित की, लोकलज्जा हे या निर्णयाचे कारण होऊ नये. ‘मुले काय म्हणतील’ म्हणून मूल नाकारलेल्या आणि ‘सासूबाई काय म्हणतील’ म्हणून ते ठेवलेल्या, अशा दोन्ही स्त्रियांना पुढची कित्येक वर्षे ते ओझे एकटीने वाहावे लागते.

निर्णय झाला, मूल येणार हे ठरले. मग घरातील मोठ्या मुलांना कोणी आणि केव्हा सांगायचे?

बहुतेक घरांत कोणीच सांगत नाही. मुलीला कपाटात फाईल सापडते, मुलाला आत्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळते. आपल्याच घरातील गोष्ट आपल्याला बाहेरून कळली, याचा राग त्या वयात फार खोल जातो. बाळ येणार याचा राग पुढे ओसरतो, पण आपल्याला न सांगितल्याचा राग पुष्कळदा मनात राहतो. म्हणून पहिली सोनोग्राफी आणि मानेमागील भागाची तपासणी पार पडली की, साधारण तेराव्या आठवड्यात, आई-वडिलांनी दोघांनी एकत्र बसून मुलांना सांगावे. पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, जेवणाच्या ताटावर घाईत नव्हे, आणि दूरदर्शनचा आवाज चालू ठेवून तर नव्हेच. बोलण्याची सुरुवात वडिलांनी करावी. आपल्याकडे हा विषय पूर्णपणे आईचा मानून वडील वर्तमानपत्रात डोके घालतात. संकोचाचा सगळा भार मग तिच्या एकटीवर येतो, जणू या घटनेत त्यांचा काही वाटाच नाही.

ऐकून मुले आनंदाने उड्या मारतील अशी अपेक्षा करू नये. कोणी हसेल, कोणी खोलीचे दार लावून घेईल, कोणी ‘बरं’ म्हणून मोबाइलमध्ये तोंड खुपसेल. ‘तुला आनंद झाला नाही का?’ असे विचारून तो वसूल करण्याचाही प्रयत्न करू नये. दोन-चार दिवसांनी प्रश्न येऊ लागतात, आणि ते प्रश्न ऐकण्यासारखे असतात. बारावीतली मुलगी विचारते, ‘आई, पुढच्या वर्षी मला बाहेरगावी शिकायला जाता येईल ना, की घरी थांबावं लागेल?’ नववीतला मुलगा काही विचारतच नाही. एके संध्याकाळी तो आईजवळ उगाच घुटमळतो आणि म्हणतो, ‘तुला काही होणार नाही ना?’ त्याच्या वागण्यातला सारा तुसडेपणा या एका भीतीपोटी होता, हे त्या क्षणी कळते. त्याला ‘वेडा आहेस’ म्हणून उडवून लावू नये. कोणत्या तपासण्या होतात, कोणत्या डॉक्टर आहेत, रक्तदाब वाढला तर काय करतात, हे त्याला खरे खरे सांगावे. शक्य असेल तर एखाद्या तपासणीला सोबत न्यावे. यंत्राच्या पडद्यावरचे ते लुकलुकणारे हृदय पाहून मुलगा जे समजतो ते शंभर वाक्यांनी समजत नाही.

शाळेत, शिकवणीच्या वर्गात चेष्टा होणार हेही गृहीत धरावे. त्यासाठी मुलांच्या हाती एक साधे वाक्य द्यावे : ‘हो, आम्हाला भावंड होणार आहे.’ न अडखळता म्हटलेल्या या वाक्यापुढे चेष्टा फार काळ टिकत नाही. २०१८ च्या ‘बधाई हो’ या हिंदी चित्रपटात दिल्लीतील अशाच एका घराची गोष्ट आहे, आणि तिथेही मोठा मुलगा आधी लाजेने तोंड लपवतो. त्या चित्रपटातील खरा धडा मात्र आजीचा आहे. सुनेला टोमणे मारणाऱ्या नातेवाइकांना भर लग्नघरात सुनावणारी ती आजी सुरेखा सिक्री यांनी उभी केली आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रत्यक्षातही तेच घडते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी उच्चारलेला शब्द घराची हवा ठरवतो. ‘देवाने दिलंय, आपण सांभाळू’ एवढे त्या म्हणाल्या की नणंदेचे तोंड आपोआप बंद होते.

आता एका कटू गोष्टीकडे वळावे लागते. उशिराची सगळीच गर्भारपणे अनवधानाने येत नाहीत. दोन मुली आहेत, थोरली पंधरा वर्षांची, धाकटी तेरा वर्षांची, आणि घरात पुन्हा पाळणा बांधण्याचा घाट घातला जातो तो ‘वंशाच्या दिव्या’साठी. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, २०११ मध्ये ती ८९४ वर घसरली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये कायदा करणारे राज्य हेच, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आल्यावरही ही घसरण याच राज्यात झाली. वर उल्लेखिलेल्या तपासण्या बाळाच्या आरोग्यासाठी आहेत. त्यांतून लिंग जाणून घेणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या पलीकडची एक गोष्ट आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला बेरीज येते. बेचाळिसाव्या वर्षी आपल्या आईने रक्तदाबाच्या गोळ्या खात हा धोका का पत्करला, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ती प्रमाणपत्रे आणते, नृत्यात बक्षिसे मिळवते, वडिलांची स्कूटर चालवते, आणि तिला कळते की आपण दोघी मिळूनही या घराला पुरे पडलो नाही. शक्तीची पूजा करणाऱ्या घरांत हे घडते, हे अधिक लागते. अशा घरात मुलगा झाला तर बहिणी त्याच्यावर माया करतातच. पण बारशाला पेढे वाटताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणारे कोणी असावे.

थोरल्या मुलीचा विषय निघाला आहे तर आणखी थोडे. आईला विश्रांती हवी, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मग घरातील सारी कामे हळूहळू तिच्याकडे सरकतात. लोक कौतुकाने तिला ‘धाकटी आई’ म्हणतात. हे कौतुक फार लबाड आहे. एखाद्या दुपारी बाळाला खांद्यावर घेणे हे भावंडाचे प्रेम. रोज रात्री दोनला उठणे हे पालकांचे काम. ही रेघ आई-वडिलांनी स्वतः आखून द्यावी. आणि दुपटी धुण्याचे काम बहिणीला येते तसे नववीतल्या भावालाही येते, त्यासाठी वेगळे शिक्षण लागत नाही.

व्यवहाराचा भाग थोडक्यात पाहू. नोकरदार मातेला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, परंतु ज्यांना दोन अपत्ये हयात आहेत त्यांना बाराच आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. म्हणजे ज्या वयात शरीराला सावरायला अधिक अवधी हवा, त्याच वयात रजा निम्म्याहून कमी. तामिळनाडूतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक अधिकारांचा भाग असल्याचे म्हटले. तरीही प्रत्येक शाळेने आणि कार्यालयाने ते मनावर घ्यायला वेळ लागेल. अर्जित रजा, बिनपगारी रजा यांचा हिशेब पाचव्या महिन्यातच मांडावा. गावपातळीवर काम करणाऱ्या भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना अपात्र ठरवणारी तरतूद राज्याच्या पंचायत कायद्यात करण्यात आली आणि तिच्यापायी निवडून आलेल्या अनेकांना पद सोडावे लागले.

वडिलांच्या वयाचीही बेरीज करून पाहावी. पंचेचाळिसाव्या वर्षी झालेले मूल दहावीला बसेल तेव्हा ते निवृत्त झालेले असतील. थोरलीचे लग्न, मधल्याचे उच्च शिक्षण आणि शेंडेफळाची शाळा या गोष्टी एकाच दशकात येतात. विम्याची रक्कम, भविष्यनिर्वाह निधीतून काढायचे पैसे, घराचे हप्ते यांचा विचार पाळणा सजवण्याआधी झालेला बरा. थोरल्या दोघांसमोर हा हिशेब मोकळेपणाने मांडला तर आपल्या शिक्षणाचे पैसे सुरक्षित आहेत हे त्यांना कळते. त्यांच्या मनातील निम्मी अढी तिथेच सुटते.

बाळंतपण झाल्यावर सर्वांचे लक्ष बाळाकडे जाते, आणि आई मागे पडते. ज्या मातेला गर्भारपणात मधुमेह झाला होता तिची साखर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका तिला अधिक असतो. रक्तदाबही पाहावा लागतो. झोप न येणे, सारखे रडू येणे, बाळाकडे पाहूनही काही न वाटणे हे दोन आठवड्यांपलीकडे चालू राहिले तर डॉक्टरांना सांगावे लागते. चाळिशीत ते ‘पाळी जाण्याचे वय’ म्हणून दुर्लक्षिले जाते, म्हणून विशेष सांगायचे. आणि पुढील गर्भनिरोधनाचा निर्णयही याच वेळी घ्यायचा असतो, पुन्हा एकदा ‘आता काय होणार आहे’ असे म्हणण्यापूर्वी. बाळाला सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंटची पहिली लस द्यायला न्यावेच लागते. त्याच सकाळी आईने उपाशीपोटी बरोबर जावे आणि आपले रक्त तपासून घ्यावे. दोन तास थांबावे लागते. तेवढा वेळ बाळाला वडिलांनी सांभाळावे.